फाट्यावरची नाकाबंदी: घटनेत बसते का, का निस्ती वसुली?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी विचारलंय की त्यांच्या गावच्या फाट्यावर दर सोमवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, पोलिसांची नाकाबंदी लागते, सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला हात, लायसन्स दाखव, हेल्मेट कुठाय, पीयूसी कुठाय, आन मग मशीनमधून पावती. कोणी काही चूक केलेली नसताना असं सरसकट थांबवणं घटनेत बसते का, का ही निस्ती वसुली हाय? त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणते तिकडं पोलीस कारणाशिवाय गाडी थांबवूच शकत नाही, मग आपल्याकडं काऊन?

गुरुजी, मी तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करतो, अर्धी कामं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची आन उरलेली अर्धी अपघाताच्या क्लेमची नाहीतर पोलीस केसची, त्यामुळं नाक्याच्या दोन्ही बाजूची माणसं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत. सरळ उत्तर आधी देतो. नाका लावणं, थांबवणं आणि कागद मागणं हे कायद्यात बसते आणि माझ्या मते घटनेतही बसते, त्यावर डोकं आपटून उपयोग नाही. जे बसत नाही ते थांबवल्यानंतर घडते, म्हणजे गाडीची चाबी काढून घेणं, डिक्की उघडायला लावणं, कागद घरी आहे म्हटल्यावर गाडीच ठाण्यात नेणं, पावती न देता दोनशे खिशात घालणं. आपली लोकं पहिल्या गोष्टीवर तावातावानं भांडतात आणि दुसऱ्या सगळ्या निमूट सोसतात.

आधी थांबवण्याचं पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३०. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्यानं, वर्दीतल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्यानं मागितलं की लायसन्स दाखवायचं. नीट वाचा, त्यात ‘संशय आला तर’ असं कुठंच लिहिलेलं नाही, फक्त वर्दी लागते. साध्या कपड्यातला माणूस किंवा ठाण्याच्या ओळखीचं एखादं पोट्टं मशीन घेऊन उभं असेल तर त्याला नाही म्हणा, बिनधास्त म्हणा. आता चालत्या गाडीवरून काही लायसन्स दाखवता येत नाही, म्हणजे थांबवणं त्यातच आलं, वरून कलम ११९ म्हणते की वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाचे इशारे पाळा, आणि कायदेशीर हुकूम मोडला तर कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रोड नव्हे, लोकांना जायचा हक्क आहे असा कोणताही रस्ता, म्हणजे तुमची पांदणसुद्धा. ‘मी तं वावरात चाललो होतो साहेब’ ही सबब म्हणूनच टिकत नाही.

घटनेचं म्हणाल तर अनुच्छेद १९ मध्ये देशभर मोकळं फिरायचा हक्क आहे, पण त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात सामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालायची मुभा दिलेली आहे. अमेरिकेच्या घटनेत चौथी दुरुस्ती आहे, विनाकारण झडती-जप्तीपासून संरक्षण, आपल्या घटनेत तसं वेगळं कलमच नाही आणि १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा प्रकरणात तेच सांगितलं होतं. बरीच वर्षं सरकारी वकील तेवढं वाक्य वाचून खाली बसायचे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा अनुच्छेद २१ मधलाच मूलभूत हक्क आहे असं ठरवलं आणि सरकारला तीन गोष्टी दाखवायला लावल्या, खाजगीपणात केलेल्या ढवळाढवळीमागं कायदा आहे का, हेतू रास्त आहे का, आणि ती ढवळाढवळ त्या हेतूच्या प्रमाणात आहे का. माझ्या मते दोन मिनिटं थांबवून कागद पाहणं ह्या तिन्हीत पास होते. कायदा आहे, रस्त्यावरचे मृत्यू कमी करणं हा हेतू आहे, दोन मिनिटं काही जास्त नाहीत. पण तीच दोन मिनिटं बाजाराच्या उन्हात पाऊण तास झाली, किंवा लायसन्सवरून गोष्ट थैलीवर गेली, की प्रमाणाचा प्रश्न उभा राहते.

पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. १९७९ मध्ये डेलावेअर विरुद्ध प्राउज ह्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गस्तीवरचा पोलीस मनात आलं म्हणून एखादीच गाडी बाजूला घेऊन लायसन्स तपासू शकत नाही. पण त्याच निकालात एक फट ठेवली, सगळ्याच गाड्यांना रांगेत थांबवलं तर ते वेगळं. कारण एकट्याला उचलून काढण्यात पोलिसाची मर्जी चालते, चेहरा बघून, कपडे बघून. मग १९९० मध्ये मिशिगनच्या सिट्झ केसमध्ये दारू तपासायचा नाका वैध ठरला, त्या नाक्यावर १२६ गाड्या थांबवल्या होत्या, पिऊन चालवणारे दोघं सापडले आणि एका गाडीमागं सरासरी २५ सेकंद लागले. (आपल्याकडं २५ सेकंदात साहेब हातातला चहा खाली ठेवत नाही.) गंमत म्हणजे तीन वर्षांनी मिशिगनच्याच राज्य सुप्रीम कोर्टानं स्वतःच्या राज्यघटनेखाली तोच नाका अवैध ठरवला. आणि २००० मध्ये इंडियानापोलिसच्या एडमंड केसमध्ये कोर्ट म्हणालं की ड्रग शोधायला नाका लावता येणार नाही, कारण त्याचा मुख्य हेतू रस्त्याची सुरक्षा नाही, साधा गुन्हेशोध आहे. म्हणजे तिकडंही नाके आहेत, फक्त तिथं कोर्ट विचारते की बाबा हा नाका नेमका कशासाठी लावला. हा प्रश्न मले आवडते, आपल्याकडं तो कोर्टात फारसा कोणी विचारतच नाही.

संशयाची अट आपल्या कायद्यात अजिबातच नाही असंही नाही बरं का. कलम २०३, तोंडात मशीन धरून फुंकायला लावायचं कलम. तिथं स्पष्ट लिहिलंय की पिऊन गाडी चालवल्याचा वाजवी संशय असेल तर. म्हणजे गाडी वाकडीतिकडी येत होती, तोंडाचा वास आला, जीभ अडखळली, असं काहीतरी पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नाहीतर धुळवडीच्या दिवशी फाट्यावर रांग लावून एकेकाला ‘फूक रे’ म्हणणं हे त्या कलमाच्या भाषेत बसत नाही असं माझं मत आहे. तरीपण माझा सल्ला काय, तर फुंका. कारण नकार दिला तर कलम २०५ खाली तो नकारच तुमच्याविरुद्ध वापरता येते. फक्त मशीनची नळी नवीन लावायला सांगा, आकडा स्वतःच्या डोळ्यानं बघा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागते, पहिल्या वेळी सहा महिने कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्हीपर्यंत. कोणी जागेवर पैसे घेऊन ‘दारूची केस मिटवली’ म्हणत असेल तर ते पैसे सरकारजमा झालेले नाहीत हे पक्कं समजा. आणि अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागते, कलम २०२. ग्रामीण रुग्णालयात रात्री अकराला डॉक्टर सापडला तर.

आता ज्या गोष्टीत शेतकऱ्याचा सगळ्यात जास्त पैसा जाते ती सांगतो. लायसन्स सोबत नसणं आणि लायसन्सच नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोबत नाही, हे कलम १३० चं उल्लंघन, त्याला कलम १७७ चा दंड, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. लायसन्स काढलेलंच नाही, हे कलम ३ चं उल्लंघन, त्याला कलम १८१, तिथं ५,००० रुपये. दहापट. आणि मशीनमध्ये दोन्हीचं बटण शेजारी-शेजारी.

माझ्याकडं एक केस आली होती दोन-तीन हंगामांआधी. माणूस कापूस विकून येत होता, लायसन्स घरी पेटीत. नाक्यावर चाबी काढून घेतली, चलान कलम १८१ चं, आणि गाडी जप्त, कलम २०७ खाली. आता २०७ म्हणते काय, तर लायसन्सशिवाय, नोंदणीशिवाय, परमिटशिवाय गाडी चालते असं ‘मानायला कारण’ असेल तर गाडी अडकवता येते. ह्यानं सांगितलं होतं की लायसन्स घरी आहे, नंबर ऑनलाइन बघून घ्या, मशीनमध्ये दोन मिनिटात दिसलं असतं. नाही पाहिलं. कोर्टात लायसन्स दाखवलं, कलम बदललं, पाचशेवर मिटलं, पण तोवर गाडी नऊ दिवस ठाण्याच्या आवारात धूळ खात होती आणि नऊ दिवस ह्या माणसानं वेचणीच्या बायांसाठी ऑटो लावला. तो काय म्हणे, ‘वकीलसाहेब, त्याच दिवशी पाच हजार भरले असते तं परवडलं असतं.’ त्याचं गणित चुकीचं नव्हतं, म्हणून तर असल्या केसेस कोर्टापर्यंत पोचत नाहीत.

त्यामुळं हे ध्यानात ठेवा की कलम १३० मध्येच सोय आहे, कागद जवळ नसतील तर नंतर सादर करता येतात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १३९ त्यासाठी १५ दिवस देते. त्याच नियमात २०१८ पासून मोबाईलमधले कागद चालतात, डिजिलॉकर नाहीतर एम-परिवहन ॲपमधले. आपल्या फाट्यावर नेटवर्कची एक काडी येते आन जाते हा भाग वेगळा, म्हणून घरूनच ॲप उघडून, कागद डाउनलोड करून निघा. व्हॉट्सॲपवर पोराले पाठवायला लावलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नाही, त्यावर भांडू नका.

चाबीबद्दल तर लोकं विचारूनच थकले. चाबी काढायचा, चाकातली हवा सोडायचा, मागून कॉलर धरायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कोणत्याच कलमात नाही. कागद जप्त करता येतात, कलम २०६, बनावट वाटले तर. हेल्मेट, ओव्हरस्पीड असल्या गुन्ह्यात लायसन्स घेऊन आरटीओकडं निलंबनासाठी पाठवता येते, पण त्याची पोच द्यावी लागते. गाडी अडकवता येते, वर सांगितलं तेवढ्याच कारणांसाठी.

आणि झडती. ‘डिक्की उघड’ हे कलम १३० मध्ये येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १८५ प्रमाणं तपासासाठी झडती घ्यायची तर वाजवी कारण लेखी नोंदवावं लागते आणि कलम १०५ प्रमाणं झडतीचं व्हिडिओ चित्रण करावं लागते. पण इथं विदर्भाची एक वेगळीच भानगड आहे. गांधीजींमुळं वर्धा जिल्हा कधीपासूनचा दारूबंद, गडचिरोली १९९३ पासून बंद, चंद्रपूर २०१५ ला बंद झाला आणि २०२१ ला पुन्हा उघडला. यवतमाळ चालू. मग कळंबहून देवळीकडं जाताना वर्धा नदी ओलांडली की कायदाच बदलते, आणि दारूबंदी कायदा १९४९ खाली गाडी थांबवून झडती घ्यायचे वेगळे अधिकार आहेत. त्यामुळं जिल्ह्याच्या सीमेवरच्या पुलावर ‘थैली दाखवा’ म्हणाले तर तिथं मोटार वाहन कायद्याचं कलम शिकवत बसू नका, ते वेगळ्या कायद्यावर उभे आहेत. तुमचा बाजाराचा फाटा जिल्ह्याच्या पोटात आहे, तिथं हेल्मेटसाठी थांबवून थैली चाचपणं हे मात्र मले पटत नाही, अमेरिकेच्या एडमंड केसमध्ये हेच तर दुखणं होतं, लावला नाका एकासाठी आन शोधून रायले भलतंच.

आता वसुली. चलानचा पैसा ठाण्याला मिळत नाही, राज्याच्या तिजोरीत जाते. कलम २०० खाली तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता गुन्हा मिटवायला भरायची रक्कम, किती हे राज्य ठरवते. २०१९ मध्ये केंद्रानं दंड वाढवले तेव्हा महाराष्ट्रानं ते दोन वर्षं लागूच केले नाहीत, डिसेंबर २०२१ मध्ये नोटिफिकेशन निघालं, आणि हेल्मेटचा दंड कायद्यात १,००० असताना आपल्याकडं ५०० ठेवला. निस्ती वसुलीच करायची असती तर ही ढिलाई दिसली नसती. पण म्हणून तुमचा संशय खोटा असंही मी म्हणणार नाही. नाक्याचं काम वर जाते ते आकड्यात, आज किती चलान, किती रक्कम. टळलेल्या अपघाताचा आकडा कोणाच्याच रजिस्टरमध्ये नसते. मग सहाजिकच नाका तिथं लागते जिथं कमी वेळात जास्त चलान होतात, म्हणजे बाजाराचा रस्ता, सोमवार, सकाळी अकरा. त्या रस्त्यावर तीसच्या वर कोणी गाडी चालवत नाही, चालवूच शकत नाही, बकऱ्या आन हातगाड्या आडव्या येतात.

आणि माणसं मरतात कुठं? मी क्लेमच्या केसेस चालवतो, मले जागा पाठ आहेत. हायवेवरच्या ढाब्यांपुढं रात्री आठ ते बारा, आणि सोयाबीन-कापसाच्या दिवसात मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली अंधारात उभी असते, मागून मोटारसायकल येते ती सरळ ट्रॉलीखाली. अशा ट्रॉलीला दहा-वीस रुपयांची लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायला लावणारा रात्रीचा नाका मी बावीस वर्षांत दोनदा पाह्यला. रेतीचे टिप्पर पहाटे चारला निघतात, तेव्हा फाट्यावर कुत्रंही नसते, असो.

तरी मी नाक्याच्या विरोधात नाही, आणि ह्यावर माझे वकील मित्रसुद्धा माझ्यावर चिडतात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ५० हजारांवर हेल्मेट न घातलेली. हा कागदावरचा आकडा झाला. माझ्या टेबलावर काय येते सांगू? इन्शुरन्स संपलेल्या मोटारसायकलनं रस्त्यानं चाललेल्या म्हाताऱ्याला उडवलं, म्हातारा गेला, घरच्यांनी क्लेम टाकला, कोर्टानं भरपाई मंजूर केली, आणि इन्शुरन्स नाही म्हणून ती सगळी रक्कम मोटारसायकल मालकाच्या बोडक्यावर. दोन एकर कोरडवाहूचा मालक. वसुलीचा दाखला निघाला तेव्हा तो माझ्याकडं आला, तोवर करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. त्या माणसाला आधीच्या वर्षी कोणी नाक्यावर थांबवून २,००० चं चलान फाडलं असतं तर त्यानं शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी इन्शुरन्स काढला असता. गावात किती मोटारसायकलींचा इन्शुरन्स चालू आहे हे तुम्ही शाळेच्या गेटपुढं उभं राहून विचारून पाहा. आणि गेटवर उभे आहातच तर नववी-दहावीची किती पोट्टे गाडी घेऊन येतात तेही मोजा, कलम १९९अ खाली त्याच्या बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. हे कलम बापाला माहीत नसते, नाक्यावरच्या हवालदारालाही बरेचदा नसते.

मग करायचं काय. चलान चुकीचं वाटत असेल तर जागेवर पैसे भरू नका, कारण भरले की कलम २०० खाली तडजोड झाली, प्रकरण संपलं, मग मी काय कोणीही काही करू शकत नाही. ई-चलान जागेवर न भरता ठेवता येते, त्याची तक्रार राज्य वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर टाकता येते, नाहीतर कोर्टात उभं राहता येते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे त्याची सहा महिन्यांत कोर्टानं दखल घेतली नाही तर नंतर घेता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. लोकअदालतीची नोटीस आली की घाबरून धावत जाणाऱ्यांनी आधी चलानची तारीख बघावी. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं तर शांतपणे करा, हुज्जत न घालता. २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं वर्ध्याच्याच एका प्रकरणात सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्यातलं (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) प्रतिबंधित ठिकाण नाही, तिथं व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, मग उघड्या फाट्याचं काय सांगावं. पावतीशिवाय पैसे मागितले तर लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर आहे. ‘देऊन टाकू दोनशे, कटकट मिटते’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे, जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. आणि पोलीस स्वतः बिनहेल्मेट दिसला तर कलम २१०ब वाचून दाखवा, कायदा राबवणाऱ्यानंच मोडला तर दंड दुप्पट. मी एकदा दाखवलं होतं, तेव्हापासून मले बघितलं की ते हेल्मेट घालतात, निदान मी वळणावर जाईपर्यंत.

तुमच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे तुमचा नाका सुरक्षेसाठी आहे का वसुलीसाठी, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि पुतण्याकडंही नाही, ते ठाण्याच्या रेकॉर्डमध्ये आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. तीनच गोष्टी मागा: मागच्या एका वर्षात त्या फाट्यावर कोणत्या तारखांना किती वाजता नाका लागला, तिथं कोणत्या कलमाखाली किती चलान झाले, आणि त्याच वर्षात ठाण्याच्या हद्दीत जीवघेणे अपघात कुठं आणि किती वाजता झाले. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. नाक्याचा एक आणि अपघातांचा एक, असे दोन्ही कागद शेजारी ठेवा. तारखा सोमवारच्या आणि अपघात रात्रीचे हायवेवरचे निघाले तर ते दोन कागद आणि गावकऱ्यांच्या सह्या घेऊन आपण पोलीस अधीक्षकांना भेटू, नाका बंद करा म्हणून नाही, हायवेवर रात्री लावा म्हणून. तिथं हललं नाही तर नागपूरला याचिका टाकायचा विचार करू, अनुच्छेद १४ (समानतेचा हक्क) खाली, मनमानी म्हणून, आणि तेव्हा हातात भावना नाही तर तारखा असतील.

अर्जाचा मसुदा मी करून देतो, पैसे नको. फक्त सोमवारी येऊ नका, सोमवारी मी पण त्याच फाट्यावरून येतो आन मले पोचायला उशीर होते.